बीजेचे पाणी अडीच वाजता

प्रति,
हे निवेदन वाचण्यास ज्यांना सवड होईल अशा सर्व सुजाण नागरिकांस.

विषय : कोपर, खाडीकडील केणीवाडी येथील भागीरथी काशिनाथ केणी यांच्याविषयी.

निवेदनकर्ता : दत्ताराम विठोबा सावंत, वय सत्तावन्न, शिक्षण इयत्ता नववी, व्यवसाय अर्जलेखन, राहणार मोहने.

ज्यांच्याविषयी निवेदन : भागीरथी केणी ऊर्फ भागीआत्या. वय सत्तरीच्या पुढे. जन्माचा दाखला उपलब्ध नाही. त्यांच्या म्हणण्यानुसार जन्म 'मिठाचा ढीग वाहून गेला त्या साली'.

घटनेची तिथी : गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशीची बीज. वेळ दुपारी अडीच. वेळेकडे विशेष लक्ष द्यावे, कारण या प्रकरणातील एकमेव चूक वेळेची असून ती माझी आहे.

साक्षीदार : (१) जनार्दन केणी, आत्यांचे पुतणे, रिक्षाचालक. (२) श्रीमती वैदेही कुलकर्णी, बँकेत नोकरी, राहणार वाडीलगतचे उंच संकुल, तिसरा मजला. (३) पाहणीस आलेले मोठे साहेब, ज्यांचा डावा बूट आजही वाडीत आहे.

मी एकोणतीस वर्षे कल्याणच्या कचेरीसमोर टेबल टाकून अर्ज लिहितो. माझ्या अर्जात खाडाखोड नसते, समासाची रेघ पट्टीने मारलेली असते आणि 'सदर' हा शब्द जिथे शोभतो तिथेच असतो. शिकलेले वकीलसुद्धा "सावंत, एवढं सरळ करून द्या" म्हणून कागद पुढे करतात. हे प्रौढीने सांगत नाही. पुढे जी चूक झाली ती नवशिक्याच्या हातून झालेली नाही, एवढे ध्यानात यावे म्हणून नमूद करतो.

भागीआत्या प्रथम आल्या तेव्हा त्या टेबलाकडे आल्याच नाहीत. त्या कचेरीच्या कुंपणभिंतीशी गेल्या. तळहात भिंतीच्या पायथ्याशी टेकवला, हळूहळू वर सरकवला आणि कमरेच्या उंचीवर थांबवला. लहान चण, गुडघ्याच्या वर खोचलेले लुगडे, आणि मिठागरात आयुष्य गेलेल्या माणसाची असतात तशी पांढरी, चिरलेली पावले. मग माझ्यासमोर येऊन म्हणाल्या,

"सायबांच्या भिंतीला पन ओल चढलीय. पार हितवर."

"बाई, तक्रार भिंतीची आहे का?"

"तक्रार पान्याची हाय. पन पान्याला अर्ज करता येत नाय, म्हनून तुमच्याकडं आले. लिवा."

मी विचारले, नाव काय. त्या म्हणाल्या, "पयलं पानी लिवा. नाव मंग."

भिंत दिसली की तळहात लावणे ही त्यांची सवय मी पुढे अनेक ठिकाणी पाहिली. दवाखान्यात, पोस्टात, लग्नाच्या हॉलमध्ये. डॉक्टर नाडी पाहतात तसे त्या भिंत पाहात, आणि ओल कुठवर आली हे मोठ्याने जाहीर करीत. यजमानास काय वाटेल याची त्यांना फिकीर नसे.

त्यांची मूळ तक्रार समजण्यासाठी उघाडी म्हणजे काय ते सांगावे लागेल. खाडीच्या कडेने मातीचा बांध असतो, बांधात दगडी तोंड असते आणि त्या तोंडावर टांगलेली लाकडी झडप असते. तीच उघाडी. भरती आली की पाण्याच्या रेट्याने झडप आपोआप मिटते आणि खाडी बाहेर राहते. ओहोटी लागली की आतले पाणी तिला ढकलून निघून जाते. चावी नाही, शिपाई नाही. फक्त फटीत काटकी अडकली, चिखल बसला, तर तो वेळेवर काढणारे माणूस हवे. ही राखण केण्यांच्या घराकडे. सासऱ्यांनी केली, नवऱ्याने केली, तो गेल्यावर आत्यांनी केली. या कामाचा उल्लेख कोणत्याही सरकारी कागदात नाही. मी शोधून पाहिले आहे.

पुढे शेजारच्या खाजणात, म्हणजे खाडीच्या दलदलीत, भराव पडला. ट्रकमागून ट्रक माती आली, तिवरांची झाडे गाडली गेली, आणि त्यावर उंच संकुल उभे राहिले. त्याच्या जाहिरातीत खाडी निळीशार होती आणि वाडी नव्हतीच. भरावाखाली उघाडीचे तोंड अर्धे बुजले, झडप मोडली. तेव्हापासून उधाणाच्या भरतीचे पाणी वाडीत येऊ लागले, आणि आलेल्या पाण्यास बाहेरची वाट सापडेनाशी झाली.

त्यात खाडीही पूर्वीची राहिलेली नाही. उघाडीच्या दगडावर तीन खाचा आहेत. खालची सासऱ्यांनी पाडलेली, मधली नवऱ्याने, वरची आत्यांनी. प्रत्येकाने आपल्या हयातीतले सर्वांत मोठे उधाण तिथे कोरले. मला त्या खाचांवर बोट ठेवायला लावून आत्या म्हणाल्या होत्या, "सासऱ्याच्या येलेपासून माझ्या येलेपर्यंत दर्या हितवर आला, सावंतदादा. आमी मिठागरवाली मानसं. आमी काय जालून दर्या गरम केला? आमच्या घरात तं आता आता पंखा आला."

पृथ्वी तापते आहे, समुद्र चढतो आहे, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. त्या दिवशी ते माझ्या बोटाला लागले.

आत्यांना अर्ज वाचून दाखवण्याचा प्रसंग ही माझ्यासारख्या अनुभवी माणसाचीही परीक्षा असे. त्या डोळे मिटून ऐकत. 'विनंती' हा शब्द आला की एक बोट दुमडीत. तिसरे बोट दुमडले की हात वर करीत. "बस. तीन येला वाकलो. चवथ्याला सायेब घोरतो." 'कृपावंत होऊन' हे शब्द तर त्यांनी मला पहिल्याच दिवशी काढायला लावले. म्हणाल्या, "किरपा नको. उघाडी पायजे." एकोणतीस वर्षांत माझ्या मजकुराला हात लावण्याची हिंमत कोणी केली नव्हती. मी मुकाट्याने काढले. कोरा कागद घेऊन अर्ज पुन्हा लिहिला आणि मान्य करतो, तो अधिक ताठ झाला.

त्यांचे घड्याळ म्हणजे तिथी. बोटांच्या पेरांवर हिशेब चाले. तिथीला तीनाने गुणायचे, चाराने भागायचे, की खाडीच्या तोंडाशी भरती किती वाजता ते कळते. कोपरपर्यंत आत यायला पाण्याला आणखी एक तास. वाडीत लग्नाची वरात, तुळशीचे लग्न, बाळाचे बारसे, काहीही ठरवायचे तर आधी आत्यांच्या बोटांना विचारले जाई.

या बोटांनी श्रीमती कुलकर्णी यांना कसे जिंकले ते सांगतो. संकुलाच्या रहिवाशांनी वाडीविरुद्ध तक्रार केली होती. वाडीतल्या कचऱ्याने नाला तुंबतो आणि म्हणून संकुलाच्या तळघरात पाणी येते, असे तिचे म्हणणे. मी सल्ला दिला की खरमरीत उत्तर लिहू. आत्या म्हणाल्या, "भांडान कागदावर कशाला? शेजारी हाय. चाला, इचारून येऊ."

संकुलाच्या दिवाणखान्यासारख्या प्रवेशदालनात सुरक्षारक्षकाने वही पुढे केली. आत्यांनी वहीकडे पाहिलेही नाही. त्या संगमरवरी भिंतीशी गेल्या आणि तळहात लावला. "गुडघाभर," त्या म्हणाल्या. तेवढ्यात कुलकर्णी मॅडम उतरल्या. तक्रारीवर पहिली सही त्यांचीच होती.

"आजी, तुमचं वाईट व्हावं असं आम्हाला वाटत नाही. पण तुमच्याकडचं प्लास्टिक नाल्यात येतं. परवा माझी गाडी तळघरात बुडाली, नवी गाडी!"

"परवा म्हंजे कंच्या वारी?"

"मंगळवारी."

"किती वाजता?"

"चारच्या सुमाराला. मी ऑफिसातून धावत आले."

आत्यांची बोटे हलली. "मंगलवारी चवथ होती. चार तिरी बारा. बाराला चारानं भागलं, तीन. वर आमचा एक तास. चार." मग त्यांनी मॅडमच्या डोळ्यांत पाहिले. "बाय, प्लास्टिक काय तिथी बघून येतं?"

मॅडमनी मोबाइल काढला, त्यावर भरतीचे वेळापत्रक शोधले, खाली बोट फिरवत नेले आणि कोचावर बसल्या. तिथूनच त्यांनी विचारले, "आणि आता पुढची कधी?"

तेव्हापासून त्या आमच्या बाजूला आल्या. पुढच्या अर्जावर संकुलाचे नाव वाडीच्या शेजारी घालावे असा आग्रह आत्यांनी धरला. मी हरकत घेतली. ज्यांच्या इमारतीच्या भरावाने उघाडी बुजली त्यांनाच सहअर्जदार करणे माझ्या अनुभवात बसत नव्हते. आत्या म्हणाल्या, "भराव तिनं नाय टाकला. ज्यानं टाकला तो घरं इकून मोकला झाला. तिच्या गाडीत पानी, माझ्या चुलीत पानी. तो सुका कुठं बसलाय, त्याचं नाव लिवा." मी लिहिले.

आता मुख्य संकट. हवामान बदलास तोंड देण्यासाठी म्हणून एक सरकारी आराखडा निघाला. त्यात केणीवाडी 'पूरप्रवण' ठरली आणि संकुल ठरले नाही, कारण भरावाने त्याची जमीन उंच झाली होती. ज्या मातीने पाणी ढकलले ती नकाशात कोरडी, आणि ज्यांच्यावर ते ढकलले ते ओले. वाडीतील बेचाळीस घरे लांब डोंगराच्या बाजूच्या इमारतींत हलवावीत आणि मोकळ्या जागी 'पाणी शोषून घेणारे हरित उद्यान' करावे, असा प्रस्ताव होता. तो रद्द झाला नाही तर वाडी जाणार, खाडी सुटणार, मासळीचा धंदा सुटणार, माणसे पाचव्या मजल्यावर नळाकडे बघत बसणार.

नकाशा मी टेबलावर पसरला. आत्यांनी विचारले, "बागेचं दार कंच्या अंगाला?"

"संकुलाच्या बाजूला दाखवलं आहे."

"मंग ही बाग पान्यासाठी नाय. सकालच्या पारी पलनाऱ्यांसाठी हाय."

याच विषयावर ठाण्यात वर्तकनगरच्या एका सभागृहात परिसंवाद झाला. मॅडमनी आत्यांना गाडीतून नेले, मलाही नेले. वक्ते विद्वान होते, पडद्यावर आलेख होते. एक वक्ते फार कळकळीने म्हणाले की या संकटात श्रीमंत-गरीब असा भेद नाही, आपण सारे एकाच होडीत आहोत. आत्या उभ्या राहिल्या. ध्वनिक्षेपक घेऊन एक मुलगी धावली. आत्यांनी तो दूर सारला. त्यांचा आवाज बांधावरून खाडीपार जाणारा होता.

"सायेब, मी खरोखरच होडीत बसलेली बाई हाय, म्हनून इचारते. होडीत पानी शिरलं का कोन तरी डबा घेऊन उपसतो. होडी एकच, मान्य. पन डबा कायम आमच्याच हातात कशाला? आनि ज्यानं भोक पाडलं, तो वरच्या फलीवर पाय सोडून कसा बसलाय?"

टाळ्या पडल्या. मग बांधकाम कंपनीच्या एका गृहस्थांनी अदबीने सांगितले की इथे जेवढी तिवरे गेली त्याहून अधिक झाडे त्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात लावली आहेत.

"बरं केलं," आत्या म्हणाल्या. "माझ्या घरात चिखल झाला, तुमी दुसऱ्या गावात कुनाचं तरी घर सारवलं. पुन्य लागंल तुमाला. पन माझा चिखल?"

पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा मोठ्या. मी भारावून गेलो होतो. आत्या मात्र खाली बसल्या नाहीत. त्या कडेच्या भिंतीशी गेल्या, तळहात लावला आणि परत येऊन माझ्या कानात म्हणाल्या, "कोरडी हाय. म्हनून टाल्या वाजतात."

त्यानंतर त्यांनी निर्णय घेतला की आता कागद पुरे, आराखड्याच्या मोठ्या साहेबांना वाडीत आणायचे आणि पाणी दाखवायचे. आराखड्यातील म्हणणे असे की वाडीत येते ते पावसाचे पाणी आणि वाडी नाल्यावर बसली म्हणून येते. आत्यांना दाखवायचे होते की पावसाचा थेंब नसताना, रखरखीत उन्हात, खाडी मोडक्या उघाडीतून येते. त्यासाठी त्यांनी पाडव्यानंतरची बीज निवडली. "त्या दिसाचं उधान मोठं. बीज म्हंजे दोन. दोन तिरी सहा, चारानं भागलं दीड. वर तास. अडीच वाजता बोलवा."

मी तसे लिहिले, तसे वाचून दाखवले. आत्यांनी पुढच्या कोऱ्या कागदावर अंगठा दिला. आणि पक्की प्रत करताना मी अडीचचे साडेदहा केले.

कारण सांगणे माझे कर्तव्य आहे. सरकारी पाहणी सकाळी होते. भोजनोत्तर वेळ साहेबांनी सुचवायची असते, अर्जदाराने नव्हे. अडीच ही वेळ वाचून अर्ज उद्धट ठरेल आणि बाजूला पडेल असे मला वाटले. पाणी काय, थोडे पुढे-मागे येईल, असेही वाटले. अर्जाची रीत मला ठाऊक होती, खाडीची नव्हती. विचारायला हवे होते. विचारले नाही.

अर्ज मंजूर झाला, हे माझ्या लेखनाचे यश. बीजेच्या दिवशी सकाळी दहाला मी इस्त्रीचा सदरा घालून वाडीत पोहोचलो. आत्या दारात तांदूळ निवडत होत्या.

"एवड्या लवकर?"

"साहेब साडेदहाला येतील ना."

तांदूळ थांबले. आत्या उठल्या, बांधापर्यंत गेल्या, मी मागोमाग. खाडी लांब सरकलेली, पुढे नुसता चमकणारा चिखल, त्यावर बगळे. मी सर्व कबूल केले. जनार्दन तेथेच होते. ते उसळले, "सावंतकाका, अख्खी वाडी बुडवली तुम्ही! साहेब येणार, कोरडं बघणार, कोरडं लिहिणार. मग झालं, उठा इथून!"

आत्यांनी खाडीकडे पाहिले. बोटे हलली. मग विचारले, "सायेब साडेदहा म्हनले का किती वाजता येतात?"

"साडेअकरा," मी सांगितले. याबाबतीत माझा अनुभव दांडगा आहे.

"मंग एक तास सायबानंच दिला. उरले तीन." त्यांनी पदर खोचला. "जना, सगल्या घरांना सांग, च्या टाका. तीन तास बसवू."

साहेब साडेअकराला आले. तपकिरी, नवे कोरे बूट. बरोबर एक तरुण अभियंता, हातात फळी आणि कागद. नाला पाहिला, कोरडा. गल्ली पाहिली, कोरडी. अभियंत्याने लिहिले, 'जागा कोरडी आढळली', आणि साहेब गाडीकडे वळले. तिथे आत्या हात जोडून उभ्या.

"सायेब, काल पाडवा झाला. तोंड गोड केल्याबिगर कसं जाल?"

पहिल्या घरी चहा झाला. साहेब उठले, तर आत्यांनी वाडीचा रिवाज सांगितला. पाहुण्याने पहिल्या घरचे घेतले तर शेवटच्या घरचेही घ्यावे लागते, नाहीतर शेवटचे घर रुसते आणि वर्षभर त्या घराला मासळी लागत नाही. हा रिवाज मी प्रथमच ऐकत होतो. जनार्दनांच्या चेहऱ्यावरून तेही प्रथमच ऐकत होते.

मग जे सुरू झाले ते मी जन्मभर विसरणार नाही. प्रत्येक दारात कोणी तरी उभे. प्रत्येक घरी आत्या आधी तळहात भिंतीला लावीत, घरची बाई मागच्या उधाणात काय काय वाहून गेले ते सांगे, म्हाताऱ्या आपली दुखणी सांगत, पोरे पाडे म्हणून दाखवत. साहेब माणूस वाईट नव्हता, पण घामाघूम झाला होता.

"आजी, हा चौदावा चहा आहे हो!"

"चौदा घरांत तुमी बसला, सायेब. बुडताना बेचालीस बुडतात."

दीड वाजता आत्यांनी त्यांना आपल्या घरी जेवायला बसवले. बूट रीतीप्रमाणे पायरीवर. तांदळाची भाकरी, जवळा, कोलंबीचे कालवण, आणि कुलकर्णी मॅडमनी संकुलातून आणलेले श्रीखंड. श्रीखंड देऊन मॅडम पुन्हा वर गेल्या, पाण्यावर नजर ठेवायला. मी मागच्या दाराने तीनदा बांधावर जाऊन आलो. पहिल्यांदा चिखल. दुसऱ्यांदा चिखलात एक चमकती रेघ. तिसऱ्यांदा रेघेचा ओहोळ झाला होता आणि पाणी मोडक्या झडपेला चाटत होते.

साहेबांनी हात धुवायला पाणी कुठे म्हणून इकडे-तिकडे पाहिले. पोट भरल्याने त्यांचा सूर समजुतीचा झाला होता. "आजी, तुमचं प्रेम कळलं मला. पण पाऊस नाही, ढग नाही, मग पूर येणार कुठून? ऐकीव गोष्टींवर आराखडा बदलत नसतो."

आत्या दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. भिंतीवरचे घड्याळ अडीचला टेकले होते. त्यांनी फक्त बोट दाखवले.

आधी डावा बूट हलला. मग तो वळला, जणू त्याला कोणी हाक मारली, आणि डुलत डुलत गल्लीत निघाला. बाहेर लख्ख ऊन आणि उन्हात सगळी गल्ली लकाकत होती. गटारातून, फरशीच्या फटींतून, कोपऱ्याकोपऱ्यातून आवाज न करता पाणी येत होते. चिखलातली एक निवटी मासळी उडी मारून पायरीवर चढली आणि साहेबांकडे बघू लागली.

"हात धुवा सायेब," आत्या म्हणाल्या. "पानी आलं."

मग एकच गलका! साहेब खाटेवर चढले. अभियंता पँट गुडघ्यापर्यंत खेचून पाण्यात उतरला आणि ओरडू लागला, "सर, ऊन आहे! सर, खारं आहे, मी चाखलं! सर, हे खाडीचंच आहे!" आत्यांनी त्याच्या हातात पाणी मोजायची आपली खुणांची काठी दिली. तो धावत उघाडीपर्यंत गेला, तोंड किती बुजले ते काठीने मोजले, दगडावरच्या तीन खाचा पाण्याखाली हाताने चाचपल्या आणि पाणी वरच्या खाचेच्याही वर आहे हे फळीवरच्या कागदावर लिहून घेतले. वरून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून कुलकर्णी मॅडम जिवाच्या आकांताने ओरडत होत्या, "तळघरातही आलं! लिहा, तळघरातही आलं!" माझा इस्त्रीचा सदरा कमरेपर्यंत भिजला होता आणि मी नाचत होतो. हो, नाचत होतो. साक्षीदार जनार्दन केणी.

साहेब खाटेवरूनच म्हणाले, "कागद आणा." त्यांनी 'कोरडी' हा शब्द खोडला, वर 'भरतीच्या पाण्याने जलमय, पावसाचा संबंध नाही' असे लिहिले आणि खाडाखोडीशेजारी सही केली. आयुष्यभर मी खाडाखोडीचा वैरी. एवढी देखणी खाडाखोड मी पाहिलेली नाही.

"येल पन लिवा सायेब," आत्या म्हणाल्या. "अडीच." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी माझ्यावर ठेवलेला ठपका एवढाच.

उजवा बूट सापडला. डावा त्या दिवशी सापडला नाही. आठवड्याने तिवरांत मिळाला, तेव्हा साहेब म्हणाले असू दे. तो जनार्दनांच्या घरी फळीवर आहे.

पाहणीनंतर उघाडीचे तोंड मोकळे करण्याची परवानगी आली. फावडी वाडीचीही होती आणि संकुलाचीही. बँकेतल्या मॅडम घमेले उचलत होत्या आणि आत्या त्यांना "बाय, कमरेतून वाकू नको, गुडघ्यातून वाक" म्हणून शिकवत होत्या. नवी झडप बसली. परंतु वाडी हलवण्याचा प्रस्ताव रद्द झाला नाही. तो 'फेरविचाराधीन' आहे. फेरविचार कोण करतो, कोठे करतो, हे कळत नाही. घरांची जोती उंच करू द्यावीत, या मागणीवर उत्तर नाही. ज्याने भराव टाकला त्याने बांधाची निगा राखावी, यावरही नाही.

त्याच काळात आत्या एकदा अर्जासाठी माझ्या मोहन्याच्या घरी आल्या. चहाच्या आधी तळहात भिंतीला. हात वर सरकत गेला, मला वाटले त्याहून वर. "तुमच्यात पन चढलंय, सावंतदादा. नदीचं हाय, गोडं हाय, पन चढलंय." मग चहा फुंकत म्हणाल्या, "सगल्यांचे अर्ज तुमी लिवता. तुमचा कोन लिवनार?"

शेवटचे दर्शन सांगतो. नवरात्रातली दुसरी माळ, म्हणजे पुन्हा बीज. मी दुसरे स्मरणपत्र घेऊन अंगठ्यासाठी वाडीत गेलो. आत्या बांधावर, पाय चिखलात, एक हात झडपेच्या चौकटीवर. मी शाईची डबी उघडली.

"अंगठा थांबवा. आदी ऐका."

खाडी चढत होती. पाणी झडपेला लागले, झडप कुरकुरली, सावकाश फिरली आणि धप्प करून मिटली. इकडे वाडी कोरडी, तिकडे खाडी बांधाला टेकलेली. आत्यांनी मान वर करून संकुलाकडे पाहिले आणि हात उंच केला. तिसऱ्या मजल्यावरून कुलकर्णी मॅडमनी पिवळे फडके हलवले. तळघर कोरडे, ही त्यांची ठरलेली खूण. आत्या हसल्या. मग अंगठा शाईत न बुडवता, तसाच चिखलाचा, त्यांनी माझ्या स्वच्छ कागदावर दाबला. मी अरेरे म्हणालो. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. त्यांना बी कलू दे कुठनं आलाय."

कार्तिकात, आपल्याच घरात, आपल्याच खाटेवर त्या गेल्या. आदल्या दिवशी जनार्दनांना दोनदा विचारले होते, "उत्तर आलं?"

उत्तर त्यानंतर आले. स्मरणपत्र परत आले आहे. शेरा असा : 'ठसा अस्पष्ट. अर्जदाराने पुन्हा सादर करावे.'

सबब, सदर स्मरणपत्र या निवेदनासोबत जसेच्या तसे जोडत आहे. तो ठसा अस्पष्ट नाही. ती कोपरची खाडी आहे, आणि ज्या हाताने ती बेचाळीस घरांच्या दाराबाहेर ठेवली त्या हाताचा तो अंगठा आहे. तो ग्राह्य धरावा, ही पहिली विनंती. केणीवाडी हलवण्याचा प्रस्ताव रद्द करून घरांची जोती उंच करण्यास परवानगी द्यावी, ही दुसरी. उघाडीची राखण हे काम कागदावर यावे आणि तिचा भार ज्याने भराव टाकून नफा नेला त्याच्यावर टाकावा, ही तिसरी.

तीन वेळा वाकलो. आत्यांच्या नियमाप्रमाणे चौथी विनंती नाही.

उत्तर हवे. आणि पाहणीस पुन्हा यायचे असेल तर बीजेला या, दुपारी अडीच वाजता. या वेळी वेळ मी बदललेली नाही.

आपला,
दत्ताराम विठोबा सावंत
अर्जलेखक, आणि आता अर्जदारही